नोझलकाका

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हर्णै बंदरातल्या बोटी हे दोन महिने ताडपत्री पांघरून पडून राहतात आणि ऑगस्ट उजाडला की त्यांतल्या कुठल्यातरी बोटीचं इंजिन रुसतंच. तांडेल सेल्फ मारतो, इंजिन खर्रखर्र फिरतं, जोरात फिरतं, पण सुरू होत नाही. मिस्त्रीला फोन लागायच्या आत तिथे जे हजर होतात, ते नोझलकाका. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. बायकोने स्वयंपाकघरातून मारलेली हाक त्यांना पडवीत ऐकू येत नाही, न उठणाऱ्या इंजिनाची मात्र अख्ख्या गावापलीकडून येते.

लुंगी वर खोचलेली, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी दहा-अकराचा पाना. पूर्वी काका काय करत, याबद्दल बंदरात एकमत नाही. कुणी म्हणतं एसटीच्या डेपोत होते, कुणी म्हणतं बोटीवर परदेशी जाऊन आले. काका दोन्ही नाकारत नाहीत. बोटीवर पाय ठेवायच्या आधी, जेटीवरूनच, मान किंचित कलती करून ते निदान सांगतात: "नोझल गेलंय."

त्यांच्या मते जगात बिघाड हा एकच. मध्यंतरी ग्रामपंचायतीचा पाण्याचा पंप बंद पडला, तेव्हाही त्यांनी नोझलचंच नाव घेतलं. पंप विजेवरचा होता.

खरं तर इंजिन फिरतंय हीच अर्धी खुशखबर असते. बॅटरी ठीक, सेल्फ ठीक. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. आतली हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटतं. म्हणजे फिरण्याचा वेग चांगला असेल तर पहिला प्रश्न एवढाच, की आत डिझेल पोचतंय का? त्याचं उत्तर धुराड्यात असतं. धूर अजिबात नाही, तर डिझेल येत नाही. पांढरा धूर येतोय, तर डिझेल येतंय पण पेटत नाही. हे बघायला मान वर करावी लागते आणि काकांची मान तोवर इंजिनात गेलेली असते.

"मार सेल्फ! मार! सोडू नकोस!"

"काका, बॅटरी बसेल."

"अरे बसली तर दुसरी आणू. मार तू!"

एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये त्याला निवायला वेळ द्यावा, हे नवख्या खलाशालाही ठाऊक असतं. काका आले की तेही विसरतो. यंदा सेल्फचा वास सुटेपर्यंत मारून झाल्यावर काकांनी फिल्टर उघडला. का उघडला? तर नोझलकडे जायचा रस्ता तिथूनच जातो म्हणून. फिल्टरच्या भांड्यात तळाला बोटभर पाणी निघालं. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळाभर दमट हवा राहिली की असं पाणी धरतंच. म्हणून जाणते तांडेल बंदीआधी टाकी भरून ठेवतात. काकांनी ते पाणी सगळ्यांना फिरवून दाखवलं आणि म्हणाले, "बघा, या पाण्यानेच नोझल गेलं."

एवढा वेळ एक पोरगा खलाशी धुराड्याकडे बघत उभा होता. तो खाली उतरला आणि त्याने इंजिन बंद करायची दांडी चाचपली. मे महिन्यात ओढलेली ती दांडी गंजून तशीच ओढलेली राहिली होती. म्हणजे इंजिनाला दोन महिने 'बंद राहा' असाच हुकूम होता आणि वरून आम्ही सेल्फ मारत होतो. पोराने तेल सोडून, हळूहळू हलवत दांडी आत ढकलली.

तरी लगेच सुरू झालं नाहीच, कारण काकांनी फिल्टर उघडल्यामुळे आता लाइनीत हवा शिरली होती. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून पोरगा हातपंप मारत बसला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग निखळ डिझेलची धार. स्क्रू आवळला, सेल्फ मारला, आणि धुराड्यातून काळा भपकारा सोडून इंजिन धडधडू लागलं.

काकांनी पाना पुसून खिशात ठेवला.

"नोझलला डिझेल जात नव्हतं ना? मग मी काय म्हणत होतो?"

यावर तांडेलाकडे उत्तर नव्हतं. चहा काकांनाच आधी मिळाला. माणूस वाईट नाही; त्यांनी आजवर कुणाकडून पैसा घेतलेला नाही, फक्त बॅटऱ्या घेतल्या.

तुमच्याही बंदरावर असे एक काका असतीलच. तेव्हा तांडेलांनो, ते जेटीच्या टोकाला दिसताक्षणी दांडी आणि टाकीचा कॉक तेवढा बघून घ्या. बोटीवर चढले की मग सवड मिळत नाही.