कोंबड्याचा तुरा

बेंगळुरूत धंदा काढणाऱ्याला पहिली चिंता भांडवलाची नसते, लोगोची असते. येलहंका न्यू टाऊनमध्ये तांबडा-पांढरा विकायला निघालेला आमचा मेहुणाही त्याच वाटेने गेला. आयटीतली नोकरी सोडली, गाळा घेतला, कोल्हापूरहून मसाला मागवला आणि रस्सा गॅसवर चढायच्या आत डिझायनर गाठला. (या शहराने तरी काय वेगळं केलं? 2017 साली स्वतःचाच लोगो करून घेतला. इंग्रजी नावातली पहिली दोन अक्षरं आणि शेवटचं एक लाल, म्हणजे 'बी यू', तुम्ही तुम्हीच असा. सिग्नलला तासभर अडकलेला माणूस दुसरं कोण होणार?)

डिझायनरने आधी प्रश्नावली धाडली. 'तुमचा रस्सा माणूस असता, तर त्याने पायात काय घातलं असतं?' मेहुण्याने लिहिलं, 'कोल्हापुरी.' उत्तरावर शेरा आला : 'विचार अजून खोल हवा.'

मग शैलींची चर्चा. नुसतं नाव लिहावं, तर ते आधी चारचौघांना ठाऊक हवं. आद्याक्षरं घ्यावीत, तर तांबडा-पांढऱ्याची 'टीपी' होते, आणि टीपी म्हणजे काय हे कॉलेजातलं पोरही सांगेल. गोल शिक्का केला की सहकारी साखर कारखाना वाटतो, अर्थ न लागणारा आकार काढला की म्युच्युअल फंड. राहता राहिलं चित्रातलं पात्र. इथे मेहुण्याची कळी खुलली. बॉबी कूका आणि उमेश राव यांनी 1946 साली एअर इंडियाला महाराजा दिला, आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली एशियन पेंट्सला गट्टू, मग आपल्याला कोंबडा का नको? विकायचं मटण, पण बोकड नाही. बोकडाची नजर म्हणे फार केविलवाणी येते, समोर बसून जेवण जात नाही.

डिझायनरच्या मानधनाचा आकडा ऐकल्यावर मेहुण्याने नाइकीचा दाखला काढला : 1971 साली कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने ती जगप्रसिद्ध खूण 35 डॉलरांत करून दिली होती. डिझायनर शांतपणे म्हणाला, ''1983 साली कंपनीने तिला शेअरही दिले, सर.'' सध्या तो दोन टक्के मागतोय.

नमुने घरच्या ग्रुपवर पडले. सासूबाईंना कोंबडा आजारी वाटला. काकांनी मोबाइल आडवा-उभा-उलटा करून पाहिला आणि फर्मावलं, ''नको, यात काहीतरी दिसतंय.'' असंच काहीतरी दिसल्याची तक्रार मुंबईच्या सायबर पोलिसांकडे गेल्यावर 2021च्या जानेवारीत बेंगळुरूच्या मिंत्राने आपला लोगो बदलला. तेव्हापासून प्रत्येक घरात असा एक तपास अधिकारी नेमलेला आहे.

त्यात पाटीचा नियम. साठ टक्के कन्नड, तेही वरच्या बाजूला. डिसेंबर 2023मध्ये इंग्रजी पाट्यांवर मोर्चा निघाला, तोडफोड झाली, ते या शहराने पाहिलेलं. मुंबईतल्या मराठी पाट्यांसाठी फेसबुकवर छाती ठोकणाऱ्या मेहुण्याला इथे मात्र हा कलावंताच्या स्वातंत्र्यावरचा घाला वाटला. सासूबाई मूळच्या निपाणीच्या. त्यांनी भाजी निवडता निवडता कन्नडात नाव लिहून दिलं. साठ टक्के पाटी फुकटात झाली. उरलेल्या चाळीस टक्क्यांचा हप्ता अजून चालू आहे.

उद्घाटन ठरलं 2025च्या जानेवारीअखेरीस. आणि येलहंक्याच्या हवाई तळावर एरो इंडियाचं विमानप्रदर्शन! उघड्यावर पडलेल्या मांसावर घारी जमतात, विमानांना धडकायची भीती, म्हणून तळापासून तेरा किलोमीटरच्या आत 23 जानेवारी ते 17 फेब्रुवारी मांस विकायला आणि मांसाहारी पदार्थ वाढायला बंदी. कोंबड्याच्या तुऱ्याची जाडी ठरवण्यात महिने गेले, पण पालिकेचा आदेश वाचायला कुणाला सवड नव्हती.

डिझायनर डगमगला नाही. त्याने रातोरात कोंबड्याला वैमानिकाचा चष्मा चढवला, पायाशी शाकाहाराचा हिरवा ठिपका काढला आणि 'एरो इंडिया विशेष आवृत्ती' म्हणून वेगळं बिल पाठवलं.