तोटी नसलेला नळ

आमच्या माण तालुक्यातील मनुष्याने युरोपच्या स्वस्त सहलीस निघावे यात नवल करण्याजोगे काही नाही; कारण बिऱ्हाड पाठीवर बांधून परमुलुखाची वाट धरणे हा पर्जन्यराजाने आम्हांस घालून दिलेला पिढीजाद शिरस्ता असून, मेंढरांमागे कोकणात उतरणारे धनगर काय किंवा सोन्याचांदीच्या गलाईसाठी हिंदुस्थानचा कानाकोपरा गाठणारे विटा-आटपाडीकडचे आमचे सोयरे काय, दोघांनीही सहल कंपनीचे तोंड न पाहता आजवर पुष्कळ मुलूख पाहिला आहे. अशाच एका गलाईवाल्या मेहुण्याच्या भरीस पडून, दहा दिवसांत पाच देश दाखविण्याचा करारनामा लिहून देणाऱ्या एका तांड्यात मी सामील झालो, आणि दशम्या व शेंगदाण्याच्या चटणीसह गेल्या वैशाखात दहिवडीहून प्रस्थान ठेवले.

स्वस्ताईचे मर्म पहिल्याच रात्री ध्यानी आले: नगर जितके ऐतिहासिक, तितका आमचा मुक्काम त्यापासून लांब. व्हेनिसात तर या काटकसरीवर सरकारी आकारणीच बसली. कारण रात्रीच्या वस्तीस न राहता उजाडल्यावर येणाऱ्या पाहुण्याकडून ठराविक दिवशी किमान 5 युरो प्रवेशकर घेण्याचा ठराव तेथील नगरपालिकेने 25 एप्रिल 2024 पासून अमलात आणला आहे. जकात नाक्यावर आम्ही पूर्वी कांद्याच्या गोण्या उतरवून दाखवीत असू. माल म्हणून स्वतःच उतरण्याचा हा पहिलाच प्रसंग. आत रिआल्तोच्या पुलावरील रेटारेटीत मला शिंगणापूरचा मुंगी घाट आठवला. चैत्रात तेथे भुतोजी तेल्याची कावड भक्तांच्या खांद्यावर पाणी तोलीत कडा चढते; येथे अख्खे गाव पाण्यात उभे, आणि आम्ही मात्र वीतभर बाटलीसाठी खिसा चाचपीत पुलाखाली उभे.

परंतु आमची खरी शोभा रोममध्ये झाली. तेथे ‘नासोनी’, म्हणजे नाकाडे, या नावाचे सुमारे 2500 नळ रस्तोरस्ती गोडे पाणी अहोरात्र फुकट ओतीत उभे आहेत. हा प्रघात 1874 पासूनचा, आणि नळांस तोटी म्हणून नाही! टँकरच्या खेपांची नोंदवही सांभाळण्यात ज्याची तलाठ्याची नोकरी सरली, त्याच्याने हे पाहवेना. मी पुढे होऊन त्या नाकात बोट खुपसले. तत्क्षणी नळीच्या पाठीवरील छिद्रातून उसळलेली धार माझ्या चष्म्यावर आली, आणि पाणी पिण्याची तिथली रीत या परदेशी म्हाताऱ्यास बिनचूक ठाऊक आहे, अशा समाधानाने शेजारचा एक रोमन पोरगा हसला. 2017 च्या दुष्काळात यांतील काही नळ बंद करण्याची पाळी आली होती असे कळताच, त्या साली रोमची आणेवारी पन्नास पैशांच्या आत लागली होती काय, अशी पृच्छा मी मार्गदर्शिकेकडे केली. तिने कोलोसियमची वेळ झाल्याचे सांगितले.

मेहुण्याने मात्र तांड्यातील यच्चयावत रिकाम्या बाटल्या, टँकरपुढे घागरी मांडाव्या तशा, नळापुढे ओळीने मांडल्या. शेवटची भरेतो कोलोसियम बाहेरूनच पाहण्याइतका वेळ उरला, आणि तिकिटाचे पैसे वाचले हा वरकड नफा. पुढे विमानतळावर तपासनिसाने त्या सर्व बाटल्या ओतून देण्याचा हुकूम फर्मावला. मेहुण्याने एकवार त्याच्याकडे, एकवार मोरीकडे पाहिले, पाय पसरून तो जमिनीवर बसला आणि एकेक बाटली तोंडास लावू लागला. चौथी संपत आली तेव्हा आमच्या विमानाची अखेरची हाक झाली.