वाळूतलं स्थळ

शारजा,
रविवार, रात्री साडेदहा

ती. आई व ती. बाबा यांना,


तुमचे चिरंजीव सुखरूप आहेत. गाडी सुखरूप आहे. तंबूचं काय झालं ते पुढं येईलच.

आई, तुम्ही या मुलासाठी बावीस स्थळं पाहिलीत, हे तुमच्या सुनेला लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत सांगण्यात आलं होतं. तोच मुलगा आता स्वतः स्थळं पाहत हिंडतो आहे. घाबरू नका, तंबू ठोकायची स्थळं. गेल्या वर्षी जुनी फोर-बाय-फोर घेतल्यापासून ऑक्टोबर ते मार्च दर सुट्टीत हाच कार्यक्रम असतो. बाकीचे सहा महिने इथलं ऊनच माणसाला घरी बसवतं.

पहिलं स्थळ मलीहाला पाहिलं. शारजा शहरातून गाडीनं तासाभरात तांबूस वाळू लागते आणि तिच्यात फॉसिल रॉक नावाचा डोंगर उभा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता, त्यातले शंखशिंपले दगड होऊन बसलेत. डांबरी सोडताच चिरंजीव चारही चाकांची हवा सोडत बसले. पस्तीसचा काटा पंधरावर आणला. नातीला वाटलं गाडी पंक्चर झाली. पण हवा कमी केली की टायर पसरतो, वजन वाटलं जातं आणि चाक वाळूत रुतत नाही. उंटाचा पाय बघा, तोही जमिनीवर भाकरीसारखा पसरतो. परतताना डांबरीवर हवा पुन्हा भरावी लागते, नाहीतर टायर तापून फुटायची भीती.

मग चिरंजीवांनी सगळ्यात उंच टेकाड निवडलं. कारण काय, तर ‘व्ह्यू’. व्ह्यू खरंच छान होता, रात्री दोनपर्यंत. दोनला वायव्येकडून शमाल सुटला. शमाल म्हणजे इथला उत्तरेकडचा वारा. तंबूचं कापड तोंडावर फडफडायला लागलं, एक खुंटी उखडली, मग दुसरी. वाळूत साधी खुंटी म्हणजे ताकात रवी उभी करण्यासारखं. पिशवीत वाळू भरून ती पुरायची आणि दोरी तिला बांधायची, हे शहाणपण पहाटे शेजारच्या केरळी गृहस्थांकडून आलं. त्यांची गाडी कायम बरोबर असते. एकट्या गाडीनं वाळूत शिरायचं नाही, हा इथला पहिला नियम.

बाबा, खळ्यावर उपणायच्या आधी तुम्ही चिमूटभर भुसा सोडून वारा बघायचात ना, इथं तेच वाळूनं करायचं असतं. टेकाडाची वाऱ्याकडची बाजू उताराला सौम्य आणि घट्ट. पलीकडची बाजू जवळजवळ तेहतीस अंशांची आणि भुसभुशीत, कारण वाऱ्यानं उडवलेली वाळू तिकडं नुसती ओतलेली असते.

हे समजल्यावर दुसऱ्या वेळी चिरंजीव दोन टेकाडांमधल्या खोलगट जागेत शिरले. वारा लागेना. थंडी मात्र तिथंच येऊन साठली आणि पहाटे तंबूच्या आतून टपटप पाणी. समुद्र जवळ, त्यामुळं हिवाळ्यात दव आणि धुकं भरपूर. वाळवंटात कांदेपोहे ओले झाले, हे कुणाला सांगून खरं वाटेल? पण खरी धडकी सकाळी भरली. डोक्यावरच्या धारेआडून इंजिनाचा आवाज आला, आधी वर हलणारं नारिंगी निशाण दिसलं, मग अख्खी गाडी. सुदैवानं त्या माणसानं धारेवर थांबून खाली पाहिलं. चढणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही. गाडीला उंच काठीवर निशाण लावतात ते त्यासाठीच आणि धारेखाली तंबू लावत नाहीत तेही त्यासाठीच. त्या खळग्यातून आपली गाडी बाहेर काढायला दीड तास, दोन फावडी आणि केरळी गृहस्थांचा दोर लागला.

तिसरं स्थळ मात्र तुमच्या सुनेनं पसंत केलं, तेव्हा दोष तिच्याकडे. एक भलं थोरलं गाफचं झाड, खाली सावली. आई, गाफ म्हणजे आपली शमी! दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. या देशानं २००८ साली तिला राष्ट्रीय वृक्ष केलं. झाड खालून अगदी कात्रीनं कापल्यासारखं सरळ रेषेत छाटलेलं होतं. माळ्यानं नव्हे, उंटांनी. मान पुरते तिथवर ते पाला खातात. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. उंट जिथं जेवतो तिथंच बसतो आणि जिथं उंट बसतो तिथं वाळूत गोचिडी असतात. आपल्या गोठ्यातली गोचीड वाट बघते. ही पळत येते! माणसाचा श्वास आणि पावलांचे हादरे कळले की वाळूतून वर येते आणि सरळ तुमच्या दिशेनं धावते. नातू मोजत बसला होता, चौदापर्यंत मोजल्यावर चटई उचलली. शमीला लांबून नमस्कार केला. तिच्याखाली शेकोटीही पेटवायची नसते आणि तिची फांदी तर तोडायचीच नाही.

सबख्याची गंमत थोडक्यात. किनाऱ्याकडच्या सपाट, पांढुरक्या, मिठाच्या जमिनीला सबखा म्हणतात. वरून पापडासारखी कडक, खाली चिखल. चिरंजीव ‘काय मस्त मैदान आहे’ म्हणाले आणि केरळी गृहस्थांनी हॉर्न वाजवून थांबवलं. वाडी, म्हणजे कोरड्या ओढ्याचं पात्र, चिरंजीवांनी स्वतःहून नाकारली, कारण पाऊस आला तर तिथं अचानक पूर येतो. १६ एप्रिल २०२४ला अल ऐनजवळ चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला होता. दुबईतले रस्ते त्या दिवशी नद्या झाले, ते टीव्हीवर बघून तुम्ही आठ फोन केले होते.

या शनिवारी अखेर जमलं. टेकाडांच्या रांगेमागं, वाऱ्यापासून आडोशाला, पण धारेपासून चांगलं दोनशे पावलं लांब, खड्यांची घट्ट सपाट जागा. झाड नाही, व्ह्यू नाही, उंटाची लेंडी नाही. गाड्या वाऱ्याकडं आडव्या लावल्या, मध्ये तंबू. खुंटी दगडानं ठोकावी लागली इतकी जमीन पक्की. चिरंजीव कमरेवर हात ठेवून म्हणाले, “दिसायला काही खास नाही, पण टिकेल.” हेच वाक्य तेविसाव्या स्थळाबद्दल तुमच्या घरी बोललं गेलं होतं, असं मावशींकडून कळलं आहे. त्यावर सविस्तर चर्चा परतीच्या वाटेत झाली.

पहिला तंबू मात्र गेला. शमालनं फाडला तो शिवून आता नातीची बाहुली त्यात राहते.

तुम्ही जानेवारीत येताय. वाळवंटात रात्री पारा दहापर्यंत उतरतो, तेव्हा बाबांची कानटोपी आणि तुमच्या हातच्या दोन जाड गोधड्या नक्की आणा. लोणचं एकच बरणी पुरे, वजन गोधड्यांसाठी राखा.

तुमची,
तेविसावी