झोपलेला विद्यार्थी पाहिजे

‘अपुऱ्या झोपेचे विद्यार्थ्यांवर होणारे परिणाम’ असा विषय घेऊन आमच्या एम.ए.च्या वर्गातली एक मुलगी आली, तेव्हा मार्गदर्शक या नात्याने मी बिनदिक्कत सही ठोकली. पुण्यात या मालाची काय वानवा? सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत रात्री दोन वाजता डोकवा, स्पर्धा परीक्षेवाले तांबारलेल्या डोळ्यांनी चालू घडामोडी घोकत असतात. जागणारे मागाल तितके मिळाले. घोडं अडलं ते दुसऱ्या गटापाशी. तुलनेसाठी रोज आठ तास झोपणारेही लागतात. ते आणायचे कुठून?

अशी मुलं नसतात असं नाही, पण कबूल कोण होतो! ‘रोज पुरेशी झोप कोण घेतं?’ असं मी वर्गात विचारलं, तर कॉपी कोणी केली म्हणून विचारल्यासारखे सगळे माना खाली घालून बसले. शेवटच्या बाकावरचा एक जण त्याच क्षणी घोरत होता. उठवल्यावर त्यानेही साफ इन्कार केला. दोष मुलांचा नाही. ‘आमच्याकडे रात्री दोनपर्यंत दिवा चालू असतो हो,’ हे दहावीच्या मुलाची आई जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. ‘दहाला निजतो’ हे सांगायची पाळी आली की तीच आई पुटपुटते.

जागरणाच्या तोट्यांची दहशत बसावी म्हणून मी वर्गाला रँडी गार्डनरची गोष्ट सांगितली. सॅन दिएगोचा हा सतरा वर्षांचा शाळकरी पोरगा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी डिसेंबर १९६३ ते जानेवारी १९६४ या काळात २६४ तास जागा राहिला. दोघा मित्रांपैकी कुणी जागायचं, हे त्यांनी म्हणे नाणं उडवून ठरवलं. (प्रकल्पाचे विषय आणि बळी ठरवायची ही पद्धत आमच्या विद्यापीठातही चालते असा मला संशय आहे.) अकराव्या दिवशी त्याला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. पासष्टपर्यंत येऊन तो थांबला. का थांबलास, तर म्हणाला, काय करत होतो तेच विसरलो. मी हे गंभीर आवाजात सांगून वर्गाकडे पाहिलं. एक हात वर झाला, ‘सर, आता रेकॉर्ड कुणाच्या नावावर आहे?’ धोका नको म्हणून गिनीजवाल्यांनी ही नोंद घेणंच सोडून दिलंय म्हटल्यावर वर्ग हळहळला.

प्रकल्पातली खरी मौज मात्र त्या मुलीने घेतलेल्या चाचणीत. लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडे दहा मिनिटं पाहत राहायचं. मधेच केव्हातरी लाल आकडे पळू लागतात, दिसले की स्पेसबार दाबायचा. बस्स. अर्ध्या सेकंदाहून उशीर झाला की ती चूक. ‘मला चार तास रग्गड होतात,’ म्हणणारा एक भावी उपजिल्हाधिकारी आला. पहिली तीन-चार मिनिटं झकास गेली. मग आकडे धावू लागले आणि हा पठ्ठ्या उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहतच राहिला. आकडे पळतायत, बोट जागच्या जागी. शेवटी दचकून म्हणाला, ‘मॅडम, तुमचा लॅपटॉप हँग होतोय.’

यात नवल नाही. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना दोन आठवडे रोज सहा किंवा चारच तास झोपू दिलं. दिवसेंदिवस त्यांची अशाच चाचण्यांत घसरगुंडी चालू होती, आणि आपलं काही बिघडलंय असं त्यांना स्वतःला मात्र फारसं वाटत नव्हतं. म्हणजे ‘मला चालतं’ असं जो छातीठोक सांगतो, त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

सरकारलाही झोपेची काळजी आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा आदेश २०२४ मध्ये निघाला. पाचवीत गेलं की झोपेची गरज संपते, असं शासनाचं मत असावं. वास्तविक घड्याळ सरकतं ते वयात येताना. मेंदूत झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा पाझरू लागतं, पोराला अकरापर्यंत झोपच येत नाही आणि सकाळी सातचं कॉलेज असतं. चिल्लीपिल्ली तर रविवारीही सहाला उठून बापाच्या पोटावर नाचतात.

असो. झोपणारे विद्यार्थी अखेर सापडले ते एका तालमीत. बी.ए. करणारे पैलवान. रात्री नऊला आडवे, पहाटे चारला मेहनत, जेवण झालं की दुपारी पुन्हा गाढ. वर झोपेची लाज म्हणून नाही, कारण खाल्लेलं अंगी लागतं ते झोपेत, असा वस्तादांचा दंडक. सगळे एका ओळीत येऊन चाचणी देऊन गेले. एकाचीही चूक नाही. तिसऱ्या पैलवानापाशी स्पेसबार खाली गेला तो वर आलाच नाही, एवढंच काय ते नुकसान.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘हा फरक झोपेचा, की दूध-बदामाचा?’ प्रश्न बिनतोड होता. तोडही त्यांनीच सुचवली, याच पैलवानांना चार रात्री जागवा आणि पुन्हा मोजा. ही सूचना वस्तादांच्या कानावर कुणी घालायची, यावर आमच्या विभागात बैठका चालू आहेत.