बुवांना जरा वाढवा

मिक्सरच्या मागे यूएसबीची खाच दिसली की मंडळातला एखादा तरुण कार्यकर्ता विचारतोच, "काका, लॅपटॉप कुठे लावायचा?" साउंडवाले काका वायरचा गुंता सोडवता सोडवता म्हणतात, "कशाला? तो गाणार आहे का?"

काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ती खाच म्हणजे घराचं मागचं दार. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आवाज तिथून कॉम्प्युटरकडे जातो. नसेल करायचं, तर दार बंद राहिल्याने घराचं काही अडत नाही. माईकमधला आवाज गेनवर चढतो, ट्रेबल-मिड-बासचे वळसे घेतो, फेडरवरून मास्टरला आणि तिथून अँप्लिफायरला पोचतो. एको हवा असेल तर बऱ्याच मिक्सरमध्ये त्याची सोय आतच असते. कंडेन्सर माईकला लागणारे ४८ व्होल्टसुद्धा मिक्सरच पुरवतो. रेकॉर्डिंगच्या काही छोट्या डब्या वीजही यूएसबीतूनच घेतात, त्यामुळे कॉम्प्युटर काढला की त्यांचे दिवे विझतात. मिक्सरला मात्र स्वतःची वायर असते आणि भिंतीतला स्वतःचा प्लग. त्याचा ताठा बहुधा त्यातूनच येत असावा.

लॅपटॉप मंडपात आला तर एकटा येत नाही. चार्जरची घरघर येते. ऐन अभंगात कुणाची तरी मेल आल्याचं 'टिंग' येतं. शिवाय आवाज त्याच्यातून फिरवून आणला तर थोडा उशीर होतो. १० मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तेवढ्यात हवेतला आवाज जवळजवळ साडेतीन मीटर जातो. म्हणजे तबलजीने मांडीपुढचा आपलाच तबला मॉनिटरमध्ये खोलीच्या त्या टोकाहून आल्यासारखा ऐकायचा. तो नाक मुरडणार नाही तर काय!

साध्या मिक्सरला स्मरणशक्ती नसते, हे कबूल. कालची रचना आज 'उघडता' येत नाही. त्यावर काकांचा उपाय म्हणजे फेडरखाली लावलेली कागदी चिकटपट्टी. तिच्यावर स्केचपेनने लिहिलेलं असतं: बुवा, पेटी, तबला, टाळ, कोरस. कार्यक्रम संपला की पट्टी उचकटायची, गोळा करायचा, फाइल डिलीट. मला ही व्यवस्था पडद्यापेक्षा आवडते. सगळा मामला एका नजरेत दिसतो, आणि कोण किती वर चढलाय ते लपत नाही.

फेडरवरच्या खुणा तर निरूपणाला घ्याव्यात अशा आहेत. शून्य तळाला नसतं. बरंच वर, साधारण पाऊण उंचीवर असतं. तिथे ठेवला की फेडर स्वतःहून ना काही वाढवतो, ना कमी करतो. अगदी तळाला लिहिलेलं असतं उणे अनंत. बुवा वर ब्रह्माच्या अनंतपणाबद्दल सांगत असतात, तेव्हा काकांनी टाळांचा फेडर त्या दुसऱ्या अनंताकडे निम्म्यावर आणलेला असतो.

कारण मंडपात 'माझा कमी करा' असं कोणी म्हणत नाही. बुवांना बुवा ऐकू येत नसतात, पेटीवाल्यांना पेटी. ज्याचा त्याचा वाढवत गेलं की स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, आणि दोन-चार फेऱ्यांत कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. ती डेन्मार्कच्या सोरेन लार्सन या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे मात्र तिचं खापर साउंडवाल्यावर फुटतं.

म्हणून काका आठवं चॅनल रिकामं ठेवतात. गौळण सुरू होण्याआधी बुवा माईकवरूनच म्हणतात, "साउंड, बुवांना जरा वाढवा." काका मान डोलावतात आणि सगळ्यांच्या देखत आठव्या चॅनलचं बटण सावकाश उजवीकडे फिरवतात. त्याला ना वायर, ना माईक. बुवा एक आलाप घेऊन पाहतात. "हां! आता कसं!" आणि खरोखरच मोकळ्या गळ्याने गातात.

ते पाहून पेटीवाल्यांनीही बोटाने वर अशी खूण केली. काकांनी सातवंही रिकामंच ठेवलं होतं.