पापणीएवढा र

प्रस्तुत लेखकाकडे मराठी टंकलेखनाचं, मिनिटाला 40 शब्दांचं, सरकारी प्रमाणपत्र आहे. हे इमारतीच्या वॉचमनलाही पाठ आहे. त्यामुळे सोसायटीच्या गणपतीचा हिशेब ग्रुपवर टाकायचं काम त्याच्याकडेच आलं. (विषय त्यानेच काढला होता, ते सोडा.)

हिशेबात एक ओळ होती : 'आचार्यांना मानधन, रु. 6,000.'

अर्ध्या तासात तळमजल्यावरचे आजोबा जिना चढून आले. ''कोण आचार्य येऊन गेले? आम्हाला प्रवचनाला बोलावलं नाहीत ते!''

लिहायचं होतं 'आचाऱ्यांना'. महाप्रसादाची बुंदी पाडणाऱ्या माणसाला लेखकाने पीठावर बसवलं होतं.

आता या 'र'बद्दल दोन शब्द. (लेखक दोनावर थांबत नाही, हे घरचे सांगतील.) र, हलन्त आणि य एकत्र आले की संगणक बेधडक रफार चढवतो. हिंदीचं त्यावर भागतं. मराठीत मात्र दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या सह्याद्रीतल्या. या आडव्या र ला युनिकोडवाले 'आयलॅश रा' म्हणतात, म्हणजे पापणीचा र. तो हवा तर खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, जो तिथे ठेवलाय द्राविडी भाषांमधल्या एका र साठी. आपल्या सुऱ्या, वाऱ्या, नवऱ्या सगळ्या शेजाऱ्याच्या र वर नांदतात! शिवाय साध्या र ला एक अदृश्य जोडचिन्ह लावूनही तोच आकार उमटतो. डोळ्यांना दोन्ही 'वाऱ्या' सारख्याच, पण शोधायला जावं तर एक सापडते, दुसरी गायब. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे. इतक्या वर्षांत हा घोळ कुणाला टोचला नाही, याचा मात्र खरोखर संताप येतो.

अर्थात लेखकाची चूक इतकी विद्वत्तापूर्ण नव्हतीच. त्याने फोनवर इंग्रजी अक्षरं बडवली आणि फोनने पुढे केलेला पहिला शब्द न बघता उचलला.

टायपिंग क्लासचे सर असते तर? हातांवर फडकं टाकून ते सराव करून घेत. एका 'ऱ्या'साठी त्यांनी अख्खं पान पुन्हा मारायला लावलं होतं. रागावले नाहीत. नवा कागद स्वतःच्या हाताने रोलरवर चढवून दिला आणि शेजारी उभे राहिले. क्लासच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथून जाताना लेखक उगाच पावलं आवरतो.

'ऱ्या' हवा तर इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ. तेवढं लिहून ठेवा. आजोबा पुन्हा जिना चढायला नकोत.