नाणेघाटच्या जकातदारसाहेबांस

प्रति,
मा. जकातदारसाहेब,
नाणेघाट नाका, सातवाहन राज्य.

विषय : नाक्यावरील रांजण रिकामा असल्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या नाक्यावर हल्ली कोणीही हजर नसतं. वैशाखऱ्याकडून जंगलातली चढण चढून, घामाघूम होऊन खिंडीतून वर आलो आणि शिरस्त्याप्रमाणे जकात भरायला उभा राहिलो. जकातीचा दगडी रांजण जागेवर होता. आत पावसाचं पाणी, वेफर्सची पाकिटं आणि एक चप्पल. आपल्या काळचं नाणं, कार्षापण, एकही नाही.

वाटेबद्दल मात्र तक्रार नाही. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल जुन्नरला चढवायला आपण कातळ फोडलात. दोन हजार वर्षं झाली, तरी दगडी पायऱ्या अजून पायाखाली येतात. आमच्याकडे रस्ता एका पावसात वाहून जातो, टोल तेवढा टिकतो. आपल्याकडे जकात बुडाली आणि वाट शाबूत! त्या ठेकेदाराचा पत्ता मिळेल का?

खिंडीतल्या गुहेत राणीसाहेबांचा हिशेबही पाहिला. नागनिकाबाईंनी केलेले यज्ञ आणि दिलेली दानं ब्राह्मीत भिंतभर कोरली आहेत, रकमा चक्क आकड्यांत. देशातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांत त्यांची गणती होते. एका यज्ञाची दक्षिणा 24,400 कार्षापण; शिवाय बघ्यांना आणि नोकरचाकरांना 6,001. हे कळल्यावर आमच्या मंडळींत चुळबुळ सुरू झाली. बघ्यांनाही पैसे? मग पावसाळ्यातल्या रविवारी या म्हणावं. घाटघरच्या बाजूने मोटारी थेट माथ्याशी येतात, त्यामुळे बघ्यांना तोटा नाही. वारा धबधब्याचं पाणी उलटं आभाळात फेकत असतो आणि लोक त्याच्याकडे पाठ करून, कड्याच्या अगदी टोकावर, स्वतःचं तोंड टिपत असतात. शेजारी जीवधन किल्ला ढगात बुडालेला. त्याला कोण विचारतो?

गुहेच्या मागच्या भिंतीवर सिमुक आणि सातकर्णी हे राजे, राणी नागनिका आदींच्या मूर्ती होत्या, वर प्रत्येकाचं नाव. मूर्ती फुटून गेल्या, नावं उरली. हे पाहून आमच्या होतकरू मंडळींनी मधला खर्च वाचवला. मूर्ती नाही, यज्ञ नाही, दान तर नाहीच; थेट नाव, शेजारी बाण घुसलेला बदाम आणि साल. पुढच्या संशोधकांना या राजवंशाची वंशावळ लावताना भलताच त्रास होणार आहे.

तरी विनंती की जकात तातडीने पुन्हा सुरू करावी. येणाऱ्या प्रत्येकाने आपला कचरा घरी न्यावा, हीच माणशी जकात. कातळावर नाव लिहिणाऱ्याकडून आधी रीतसर अश्वमेध करवून घ्यावा. न जमल्यास 24,400 कार्षापण जागेवर वसूल करावेत. उधारी ठेवू नये.

कळावे,
आपला,
एक बघ्या
(6,001 मधला वाटा अद्याप न मिळालेला)